रस्ते आहेत, पण जोडलेत कुठे? मुंबईची वाढ आणि गल्लीबोळांचं गणित: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधीच सांगून टाकतो, मी टाऊन प्लॅनर नाही. लहानपण दादरच्या हिंदू कॉलनीत गेलं, गेली बारा वर्षं चांदिवलीत राहतोय, आणि दोन्हीकडे चालताना एवढा फरक का पडतो या एका प्रश्नापायी नकाशे बघायचा नाद लागला तो लागलाच. ओळखीपाळखीतले लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, दर वेळी नव्याने टाईप करायचा कंटाळा आला म्हणून एकदाच लिहून ठेवतोय.

कनेक्टिव्हिटी म्हणजे ते बिल्डरच्या जाहिरातीत असतं तेच ना, "एअरपोर्ट १५ मिनिटांवर"?

नाही हो. जाहिरातीतलं ते नुसतं अंतर, आणि तेही बहुतेक रविवारी पहाटे पाच वाजता मोजलेलं. इथे कनेक्टिव्हिटी म्हणजे तुमच्या भागातले रस्ते एकमेकांना किती ठिकाणी मिळतात, आणि घरातून निघून वाण्याकडे, शाळेत, स्टेशनवर जायला तुमच्याकडे किती वेगवेगळे मार्ग आहेत.

हिंदू कॉलनीत आई कोथिंबीर आणायला पाठवायची तेव्हा मी जाताना एका गल्लीने आणि येताना दुसऱ्या गल्लीने यायचो, कारण एका गल्लीत एक कुत्रा होता ज्याचं माझं जमत नव्हतं. गल्ल्या समांतर, मध्ये आडवे रस्ते, एक अडली तर दुसरी. चांदिवलीत माझ्या बिल्डिंगमधून बाहेर पडायला मोठं गेट एक, गेटबाहेर रस्ता एक, आणि तो रस्ता जाऊन मिळतो तोही एकाच रस्त्याला. कुत्रा असला तर असला, त्याच्याशी जमवून घ्यायचं.

हे मोजतात कसं? की नुसतं "वाटतं"?

मोजतात, आणि मोजायची पद्धत अगदी साधी आहे. नकाशावरचा प्रत्येक नाका घ्यायचा आणि तिथे किती रस्ते मिळतात ते बघायचं. चौक असेल तर चार, तिठा असेल तर तीन, गल्ली पुढे बंद असेल तर एक. सगळ्यांची सरासरी काढली की जाळं कसं आहे याचा अंदाज येतो. चौक जास्त तितकं जाळं घट्ट, बंद गल्ल्या जास्त तितकं ते झाडासारखं, म्हणजे खोड, फांदी, डहाळी, आणि एका डहाळीवरून शेजारच्या डहाळीवर जायचं तर आधी खोडापर्यंत खाली उतरायचं.

दुसरं माप म्हणजे एका चौरस किलोमीटरमध्ये नाके किती. यूएन-हॅबिटॅट ही संयुक्त राष्ट्रांची संस्था ८० ते १०० सांगते, शिवाय रस्त्यांची लांबी दर चौरस किलोमीटरला १८ किलोमीटर आणि एकूण जमिनीपैकी ३० टक्के रस्त्यांना. १०० नाके म्हणजे ढोबळमानाने दर शंभर मीटरवर एक वळण, म्हणजे चालणाऱ्या माणसाला दर दीड मिनिटाला "इकडून जाऊ की तिकडून" हा चॉइस.

तिसरं माप मला सगळ्यात आवडतं कारण ते कोणालाही घरबसल्या काढता येतं. कावळा उडेल तसं सरळ अंतर किती आणि प्रत्यक्ष चालावं किती लागतं, त्याचं गुणोत्तर. रस्ते चौकटीचे असतील तर ते कितीही वाईट पडलं तरी साधारण १.४ च्या वर जात नाही, शाळेतला पायथागोरस आठवा. आमच्या बाल्कनीतून बसस्टॉप दिसतो, फोनवर मोजलं तर सरळ रेषेत १८० मीटर. चालत १,१५० मीटर. सहा पटीच्या वर! मध्ये काय आहे? एक नाला, ज्यावरून एक उडी मारता येईल असं पावसाळा सोडून कायम वाटतं, आणि दोन कंपाउंड वॉल.

स्प्रॉल म्हणजे अमेरिकेतलं ते बंगले, गाड्या, लांबच लांब हायवे. मुंबई एवढी दाट, इथे कसला स्प्रॉल?

मलाही आधी तसंच वाटायचं. पण शहर पसरणं यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे माणसं विरळ राहणं, आणि दुसरी म्हणजे रस्त्यांचं जाळं तुटकं होणं. अमेरिकेत दोन्ही एकत्र आलं म्हणून आपण त्याला एकच नाव दिलं. मुंबईत पहिलं नाही, दुसरं भरपूर आहे. चाळीस मजली टॉवर, हजारभर फ्लॅट, आणि सगळ्यांना मिळून एक गेट. माणसं एकमेकांच्या डोक्यावर राहतात, तरी दूध आणायला गाडी काढतात.

आणि साधं आडवं पसरणंही आहेच की. २००१ ते २०११ या जनगणनांच्या मधल्या दहा वर्षांत मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायन या बेटाची, लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी कमी झाली, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आली, आणि त्याच काळात तेव्हाच्या अखंड ठाणे जिल्ह्याची ३६ टक्क्यांनी वाढली. गिरगावातली खोली विकून डोंबिवली, विरार, बदलापूर, हे प्रत्येक मराठी घरात कोणीतरी केलेलंच आहे. वाढ सगळी कडेला होतेय, त्यामुळे कडेला रस्ते कसे आखले जातात त्यावर पुढचं शहर ठरतंय.

शहर मोठं झालं की रस्त्यांचं जाळं बिघडणारच, यात नवल काय?

नवल आहे. एकेकाळी हीच मुंबई वाढत होती आणि जाळं सुधारत होतं. १८९६ मध्ये प्लेग आला, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्यांनी दोन कामं केली. एक म्हणजे जुन्या दाट वस्तीतून आरपार रस्ते काढले, प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड, मोहम्मद अली रोड ही त्यातली नावं. दुसरं म्हणजे दादर, माटुंगा, वडाळा, सायन या तेव्हाच्या शेतांच्या आणि पाणथळ जागेत लोक राहायला यायच्या आधी रस्ते आखले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, माटुंग्याचे फाइव्ह गार्डन्स हे सगळं त्यातून आलं. आधी रस्ता, मग प्लॉट, मग बिल्डिंग. या क्रमात सगळी मेख आहे.

उपनगरांसाठी १९१५ चा टाऊन प्लॅनिंग कायदा आला. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले इथल्या टीपी स्कीम त्यातल्या. गंमत अशी की त्यात सगळ्यांच्या वेड्यावाकड्या जमिनी एकत्र करायच्या, त्यातून रस्ते कापायचे आणि उरलेली जमीन नीट आकाराचे प्लॉट करून मालकांना परत द्यायची. प्रत्येकाचं थोडं थोडं गेलं पण रस्ता सगळ्यांना मिळाला. खारमध्ये रस्त्यांना नावांऐवजी नंबर आहेत ते उगाच नाहीत.

मग १९५० आणि १९५७ मध्ये महापालिकेची हद्द वाढून दहिसर-मुलुंडपर्यंत गेली आणि एवढ्या मोठ्या भागाला एकेक स्कीम करत बसणं जमेना. डेव्हलपमेंट प्लॅन आला, ज्याला सगळे डीपी म्हणतात. डीपीत मोठे रस्ते आखले जातात, ४४ फुटी, ६० फुटी, ९० फुटी. त्या मोठ्या रस्त्यांच्या मधल्या गल्ल्या कोण आखणार? ज्याची जमीन तो. आणि ज्याची जमीन त्याला आपल्या जमिनीतून शेजाऱ्याचा रस्ता जाऊ देण्यात काय इंटरेस्ट असणार सांगा. बरं, जे मोठे डीपी रोड आखलेत तेही सगळे झालेत असं नाही, कागदावर सरळ रेष असते आणि जागेवर गेलात तर गॅरेज, मंदिर आणि म्हशींचा गोठा असतो.

म्हणजे ब्रिटिशांचं चांगलं आणि आपलं वाईट, असं म्हणायचंय का?

अजिबात नाही. ट्रस्टने जुन्या वस्तीत घरं पाडली जास्त आणि गरिबांसाठी बांधली कमी, त्यामुळे उठवलेले लोक शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने राहिले. मी कौतुक करतोय ते फक्त एका क्रमाचं, रस्ता आधी आणि इमारत नंतर.

गिरणगावात तर एवढी जमीन मोकळी झाली होती, तिथे का नाही जमलं?

हा प्रश्न विचारला की माझ्या काकांचा आवाज चढतो, ते परळचे. संधी अशी पुन्हा येणार नाही. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि त्यानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली. शहराच्या ऐन मध्यात पन्नासहून जास्त गिरण्यांची जमीन, आणि गिरणी म्हणजे काय तर चारी बाजूंनी उंच भिंत, एक-दोन फाटकं, आत अख्खं वेगळं जग. रस्ते गिरण्यांना वळसा घालून जायचे कारण आत यंत्रं होती. यंत्रं गेली तेव्हा भिंती पाडून आरपार रस्ते काढायला कोणी अडवलं नव्हतं.

मुंबईच्या बांधकामांसाठीच्या १९९१ च्या नियमावलीत गिरण्यांच्या जमिनीसाठी ५८ नंबरचा नियम होता, जमिनीचे साधारण तीन भाग करायचे, एक पालिकेला मोकळी जागा म्हणून, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. १९९६ मध्ये वास्तुकार चार्ल्स कोरिआंच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तिचं म्हणणं होतं की एनटीसीच्या, म्हणजे सरकारी वस्त्रोद्योग महामंडळाच्या, गिरण्यांचा सुटा सुटा विचार नको, एकत्र आराखडा करा. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची झाली, बांधकाम असलेली जमीन त्यातून सुटली. हायकोर्टापासून सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं, २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदललेला नियम कायम ठेवला. एकेका गिरणीचा एकेक प्रोजेक्ट झाला, गिरणीची भिंत होती तिथेच कॉम्प्लेक्सची भिंत आली. काच लागली, वॉचमनचा युनिफॉर्म बदलला, पण रस्ते तेच, ना. म. जोशी मार्ग, सेनापती बापट मार्ग, गणपतराव कदम मार्ग, आणि त्यांच्यावर आता ऑफिसला येणारे हजारो लोक.

२९ सप्टेंबर २०१७ ला याच भागातल्या, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोड स्टेशनच्या पुलावर चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्या सकाळी जोरदार पाऊस होता, लोक जिन्यावर थांबले होते, कारणं अनेक. पण नकाशा उघडून बघा, एवढ्या लोकांना रुळांच्या एका बाजूकडून दुसरीकडे जायला चालण्याचे मार्ग किती होते.

गेटेड कॉम्प्लेक्समध्ये मुलं सुरक्षित खेळतात, त्यात वाईट काय?

मुलांचं खरंय, माझी मुलगीही आतच सायकल शिकली. प्रश्न एका कॉम्प्लेक्सचा नसतोच, एकाला एक लागून दहा आले की होतो. चांदिवली म्हणजे पूर्वी दगडखाणी, कारखाने, एक फिल्म स्टुडिओ. एकेक कारखान्याचा प्लॉट विकला गेला तसतसा एकेक कॉम्प्लेक्स उभा राहिला, प्रत्येकाने आपापल्या प्लॉटच्या कडेने भिंत घातली आणि आपापला आतला रस्ता केला, छान पेव्हर ब्लॉक लावून, झाडं लावून. आमच्या आतल्या रस्त्याचं टोक आणि शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या आतल्या रस्त्याचं टोक यांच्यात नऊ इंचाची भिंत आहे. मुलीची मैत्रीण त्या भिंतीपलीकडे राहते. परवापरवापर्यंत खिडकीतून एकमेकींना हात करायच्या आणि भेटायला अर्धा तास लागायचा, कारण मुख्य रस्त्यावर फुटपाथ असा नाहीच, म्हणून मोठं कोणीतरी सोबत लागायचं.

आणि मग सगळ्या गाड्या एकाच रस्त्यावर येतात, कारण दुसरा नाहीच. सकाळी साडेआठला आमच्या गेटपासून साकीनाक्यापर्यंत जे चालतं त्याला लोक म्हणतात रस्ता अरुंद आहे, रुंद करा. अरे, रुंद केलात तरी सगळ्यांना त्याच एका तोंडातून बाहेर पडायचंय! बाटलीचं पोट वाढवून तोंड मोठं होत नाही.

अजून एक, ज्याचा विचार घर घेताना कोणी करत नाही. मार्ग एकच असला की तो अडला की संपलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला तेव्हा ज्यांच्याकडे दुसरी गल्ली होती ते निदान छातीभर पाण्यातून का होईना घरी पोचले. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात एक गुलमोहर आडवा झाला, एक झाड, आणि चार तास कोणाला ना आत येता आलं ना बाहेर जाता आलं, फ्रीजमध्ये अंडीही नव्हती.

मग झोपडपट्टी, गावठाण, जुन्या वाड्या? तिथे तर रस्तेच नाहीत.

गाडीचे रस्ते नाहीत, चालायचे बक्कळ आहेत. गिरगावातल्या कितीतरी वाड्या गुगलला बंद दिसतात, पण तिथल्या माणसाला विचारा, तो तुम्हाला दोन चाळींच्या मधून, नळाच्या बाजूने, कोणाच्या तरी तुळशीवृंदावनाला वळसा घालून थेट पलीकडच्या रस्त्यावर काढेल. धारावीतही बोळ चार फुटांचे असले तरी एकमेकांना मिळतात. गावठाणं, कोळीवाडे, तीच गोष्ट.

याचं गुणगान गाऊ नये, त्याच बोळात आगीचा बंब जात नाही, अ‍ॅम्ब्युलन्स नाक्यावर थांबते आणि पेशंटला खुर्चीत बसवून न्यावं लागतं. पण पुनर्विकास होतो तेव्हा हे बोळ जातात आणि त्यांच्या जागी दुसरं काही येत नाही, टॉवर आणि भिंत येते, आणि ज्या बोळातून शेजारच्या तीन वस्त्यांतली पोरं शाळेत जायची त्यांनाही आता वळसा. त्या बोळाची कुठल्याच नकाशावर नोंद नव्हती, म्हणून तो गेल्याचीही नाही.

नवी मुंबई तर प्लॅन करून बांधली, तिथे सगळं नीट असेल ना?

बरंच नीट आहे. सिडको १९७० मध्ये स्थापन झाली, जमीन आधी ताब्यात घेतली, रस्ते आधी केले, म्हणजे क्रम बरोबर. वाशीच्या जुन्या सेक्टरांत चालायला मजा येते. पण शहर नोडमध्ये वाटलंय आणि एका नोडमधून दुसऱ्यात जायचं तर मोठ्या रस्त्यावर यावंच लागतं, शिवाय सेक्टरच्या आत सोसायट्यांनी आपापली गेटं नंतर लावलीच. प्लॅनमध्ये जोडलेलं आणि कुलूप लावून तोडलेलं, असंही असतं.

बाकी जगात काय चाललंय?

बॅरिंग्टन-ली आणि मिलार्ड-बॉल या दोन संशोधकांनी ओपनस्ट्रीटमॅपचा डेटा घेऊन जगभरातल्या रस्त्यांचं तुटकपण मोजलं, वर सांगितलेल्या मापांसारखीच बरीच मापं एकत्र करून एक निर्देशांक बनवला. अमेरिकेवरचा अभ्यास २०१५ चा, जगाचा २०२० चा. अमेरिकेत १९३० च्या दशकापासून घरकर्जाला हमी देणाऱ्या सरकारी यंत्रणेनेच बंद गल्लीचा आराखडा चांगला म्हणून पुढे केला आणि दशकानुदशकं तुटकपण वाढत गेलं, पण साधारण १९९४ मध्ये ते शिगेला पोचलं आणि त्यानंतरच्या नव्या बांधकामात कमी व्हायला लागलं. जिथून ही फॅशन आली तिथे ती उतरायला लागली आणि बाकीच्या जगात १९७५ नंतर चढत गेली! आग्नेय आशियात गेटेड वस्त्यांचं प्रमाण मोठं, तर दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिना, बोलिव्हिया, पेरू अशा देशांत शहरं वाढली तरी चौकटीचे रस्ते बऱ्यापैकी टिकले. पैसा असला की जाळं बिघडतं किंवा नसला की बिघडतं असं काही सरळ गणित नाही, नियम काय लावलेत त्यावर आहे. व्हर्जिनिया राज्याने २००९ मध्ये सरळ सांगितलं की नवीन वस्तीचे रस्ते शेजारच्या वस्तीला जोडले नसतील तर त्यांची देखभाल राज्य करणार नाही. बिल्डर ताळ्यावर आणायला एवढं पुरतं.

गल्ल्या उघडल्या की सगळं ट्रॅफिक आमच्या दारातून जाणार, त्याचं काय?

ही भीती खरी आहे, हसण्यावारी नेऊ नका. मुख्य रस्ता तुंबला की रिक्षावाले आणि मॅपवाले लगेच आतून काढतात. पण उपाय सगळं बंद करणं नाही, माणसांना उघडं आणि गाड्यांना बंद, हा आहे. तीन खांब रोवा, मधून माणूस, सायकल, बाबागाडी, व्हीलचेअर जाईल, गाडी जाणार नाही. बार्सिलोनाने हेच मोठ्या प्रमाणावर केलं. तिथली चौकट सेर्डा या नगररचनाकाराच्या १८५९ च्या आराखड्यातली, त्यांनी २०१६ पासून नऊ नऊ ब्लॉक एकत्र करून आतून आरपार जाणाऱ्या गाड्या थांबवल्या, चालणाऱ्यांना रान मोकळं. आणि लांब कशाला जायचं, गिरगावातल्या वाड्यांमध्ये हे शे-दीडशे वर्षं आपोआप चालूच आहे.

रेल्वेमुळे पण शहर तुटतं का?

मुंबईइतकं कुठे तुटत असेल असं वाटत नाही. "ईस्टला की वेस्टला?" हा प्रश्न आपण पत्ता विचारण्याआधी विचारतो यातच आलं सगळं. १८५३ मध्ये पहिली गाडी ठाण्याला गेली आणि नंतर शहर रुळांच्या कडेने उत्तरेला वाढत गेलं, त्यामुळे उभे रस्ते बरे आणि आडवे रस्ते मोजके. त्यात मध्ये एअरपोर्ट, मिठी नदी आणि वर शंभर चौरस किलोमीटरचं नॅशनल पार्क, जे राहिलंच पाहिजे.

आडवे रस्ते मोजके असले की एकेक पूल किती भार उचलतो ते अंधेरीच्या गोखले पुलाने दाखवलं. नोव्हेंबर २०२२ मध्ये तो बंद झाला आणि पार्ले, जोगेश्वरी, खार, मिलन सबवे, सगळीकडे त्याचा ताप पोचला. फेब्रुवारी २०२४ मध्ये एक बाजू उघडली तर शेजारचा बर्फीवाला फ्लायओव्हर खाली आणि नवा पूल वर, दोघांची उंचीच जुळत नव्हती, ते जुळवायला आणखी काही महिने गेले. दाट जाळ्यात एक पूल गेला तर वैताग येतो, विरळ जाळ्यात अख्खं उपनगर अडकतं.

कोस्टल रोड, अटल सेतू, मेट्रो झाली की सुटेल ना हे सगळं?

वेगळा आजार, वेगळं औषध. अटल सेतू २१.८ किलोमीटरचा, जानेवारी २०२४ मध्ये उघडला, शिवडीहून न्हावा-शेवा गाठायला उत्तम. तो दोन लांबच्या टोकांना जोडतो. तुमची गल्ली शेजारच्या गल्लीला तो कशाला जोडेल? सांताक्रूझ-चेंबूर लिंक रोड, जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोड हे आडवे रस्ते होते म्हणून निभावलं, गोरेगाव-मुलुंडही पाहिजेच आहे. मेट्रो तर नक्कीच हवी. पण स्टेशनपासून चारशे मीटरवर राहणारा माणूस भिंतींमुळे दीड किलोमीटर चालत असेल तर तो रिक्षाच करणार, आणि स्टेशनखाली रिक्षांची जी गर्दी होते ती तिथूनच येते. हजारो कोटींच्या मेट्रोचं गिऱ्हाईक एका लोखंडी गेटने तोडलेलं असतं.

एकदा बिघडलेलं जाळं नंतर सुधारता येतं का?

फार कठीण. इमारत पन्नास-साठ वर्षांत पाडून नवीन बांधतात, रस्त्याची रेष मात्र तशीच राहते. फोर्टचा कोट १८६० च्या दशकात पाडला, तटबंदी गेली, पण आतल्या जुन्या गल्ल्यांची वळणं आजही चालताना पायाला कळतात. म्हणून आज विरार-बदलापूर-पनवेलकडे ज्या रेषा पडताहेत त्या आपल्या नातवंडांच्या नशिबी आहेत. त्यातल्या त्यात मुंबईत पुनर्विकास हा एक चान्स आहे. दहा सोसायट्या एकत्र येऊन क्लस्टर करतात तेव्हा मधून एक सार्वजनिक पायवाट मागून घ्यायची, कारण नंतर कोणी इंचभर सोडणार नाही.

घर घेताना काय बघू?

सॅम्पल फ्लॅट राहू दे. फोनवर नकाशा उघडा, स्टेशन, शाळा, भाजी, दवाखाना, चारही ठिकाणी चालत किती ते काढा आणि सरळ अंतराशी तुलना करा. दुपटीच्या वर गेलं तर विचार करा. बाहेर पडायचे रस्ते किती, खरे, आज चालू असलेले. "इथून डीपी रोड जाणार आहे" असं सेल्सवाला म्हणाला तर पालिकेच्या डीपीत रस्ता आहे का ते बघा, आणि असला तरी जाऊन त्या जागेवर आज काय उभं आहे ते डोळ्यांनी बघून या. आणि एकदा पावसात जा.

तुमच्या सोसायटीला मागचं गेट उघडायला कसं पटवलं ते सांगाल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो म्हणून शेवटी ठेवला. आमच्या आणि शेजारच्या कॉम्प्लेक्सच्या मधल्या भिंतीला मागच्या कोपऱ्यात भगदाड होतं. कोणी पाडलं माहीत नाही, दूधवाल्यावर संशय. अलीकडे पाय ठेवायला दोन विटा, पलीकडे रंगाचा रिकामा डबा पालथा. सकाळी सहाला घरकामाच्या बायका त्यातून यायच्या, साडी सावरून, एक हात भिंतीला. कमिटीने भगदाड तीन वेळा बुजवलं आणि तीनही वेळा आठवड्याच्या आत पडलं.

मग आम्ही चौघांनी एक केलं, भाषण नाही दिलं, दोन दिवस सकाळी सहा ते नऊ खुर्ची टाकून बसलो आणि मोजलं. पहिल्या दिवशी १४०, दुसऱ्या दिवशी १५२ माणसं, त्यात आपल्याच सोसायटीतले सिनिअर सिटिझन अकरा, त्यातल्या एक आमच्या चेअरमनसाहेबांच्या सासूबाई. तो कागद एजीएममध्ये ठेवला. दोन्ही सोसायट्यांची परवानगी, कॅमेऱ्याचा खर्च अर्धा अर्धा, वॉचमनची ड्युटी आळीपाळीने, हे ठरायला सव्वा वर्ष गेलं. आता तीन फुटी गेट आहे, सकाळी साडेपाच ते रात्री दहा उघडं, स्कूटर जाऊ नये म्हणून मधे एक खांब. बसस्टॉप अजून लांबच आहे, नाल्यावर साकव पाहिजे आणि तो कोणाच्या हद्दीत यावर पत्रं चालू आहेत. मुलगी मात्र आता मैत्रिणीकडे एकटी जाते, चार मिनिटांत, आणि गेट दहाला बंद होतं ना, हे कारण सांगून आठला घरी यायचं ते पावणेदहाला येते.